एका फडाचे वर्ष

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे काशी-रामेश्वर, हिमालय, गेला बाजार विलायत तरी उभी राहते. प्रस्तुत लेखकाने गेल्या वर्षी जो प्रवास केला तो परभणी जिल्ह्याच्या शिवेबाहेर फारसा गेला नाही. आणि ज्यांच्या मागोमाग तो केला त्यांचे नाव आमच्या माजघरात उच्चारण्याचाही पूर्वी संकोच असे. तो एका तमाशाच्या फडाचा प्रवास होय. सुज्ञ वाचकांनी भुवया चढविण्यापूर्वी हा वृत्तांत एकवार संपूर्ण वाचावा, एवढी विनंती आहे.

मी गंगाखेडचा. गोदावरीच्या काठचे हे गाव संत जनाबाईंचे जन्मस्थान. येथेच मी मुलांना रामरक्षेपासून रघुवंशापर्यंत शिकविले आणि येथेच सेवानिवृत्त झालो. गतवर्षी मार्गशीर्षात नातवास घोडे दाखवावे म्हणून माळेगावच्या यात्रेस निघालो. पालम, लोहा या मार्गाने आपण माळेगावी पोहोचतो. गाव नांदेड जिल्ह्यातले. पण त्या यात्रेस परभणीकर परका नाही. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास खंडोबाची ही यात्रा भरते. लालकंधारी बैल, नाना रंगांचे घोडे, गाढवांच्या रांगा, वाघ्या-मुरळी, उधळलेला भंडारा आणि त्यावर ‘येळकोट येळकोट’चा गजर! दिवस मावळला, थंडी झोंबू लागली आणि एकामागून एक कनातींवर विजेच्या माळा उजळल्या. पुतण्या म्हणाला, “काका, आता आलाच आहात तर फडही पाहून घ्या.” मी नको म्हणत म्हणत गेलो.

गणाने आरंभ झाला. मग गवळण, त्यातली मावशी, पेंद्या, सोंगाड्याची बतावणी, लावण्या, अधूनमधून चित्रपटांतील गाणी आणि अखेरीस वग. त्यांतले सर्वच मला रुचले असे म्हणणार नाही. काही विनोद ऐकून मी मान खाली घातली. परंतु एक प्रौढ नर्तकी उभी राहिली, तिने पायांतील चाळास हात लावून कपाळी नेला, आणि ढोलकीच्या एका तोड्यास पावलांनी असे चोख उत्तर दिले, की मला एकाएकी ‘मालविकाग्निमित्र’ आठवले. त्या नाटकात गणदास आणि हरदत्त हे दोन नृत्याचार्य कोण श्रेष्ठ म्हणून राजापुढे भांडतात, आणि निवाडा शिष्येच्या नृत्यावरून करावयाचा ठरतो. ते प्रकरण मी पुष्कळ वेळा शिकविले; पण नृत्य म्हणजे काय हे न पाहताच शिकविले, हे त्या रात्री प्रथम कळले.

खेळ आटोपल्यावर त्या बाईंस नमस्कार सांगावा म्हणून मागच्या राहुटीकडे गेलो. तेथे ट्रंकेवर एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा झोपला होता. उशाशी हलगी, आणि हलगीखाली पाचवीचे पुस्तक. मी शिक्षक आहे असे कळताच बाई म्हणाल्या, “गुरुजी, ह्याचं काय करावं सांगा. मागल्या सालापर्यंत आजीपाशी राहून शिकत होता. म्हातारी गेली. आता संगं आणलाय.”

मी काही उत्तर दिले नाही. कारण मला तीस वर्षांपूर्वीचा एक मुलगा आठवत होता. तोही फडातल्याच घरचा होता. दसऱ्यानंतर तो दिसेनासा झाला, आणि मी नियमास धरून त्याचे नाव पटावरून कमी केले. वैशाखात तो पुन्हा येऊन व्हरांड्यात उभा राहिला, तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. मी त्यास काय म्हणालो ते येथे लिहीत नाही. तो पुन्हा आला नाही.

त्या बाईंचे माहेर आमच्याच जिल्ह्यात, गंगाखेडहून दोन-तीन कोसांवर. त्या निमित्ताने पुढे वर्षभर या फडाशी माझा संबंध राहिला, आणि आपल्या पंचांगास समांतर असे दुसरे एक पंचांग मला वाचता आले.

फडाचे वर्ष दसऱ्यास लागते. त्या दिवसापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत, कोणी बुद्धपौर्णिमेपर्यंत, सुमारे सात महिने फड वाटेवर असतो. मोठ्या फडात शंभर-दीडशे माणसे असतात: नाचणाऱ्या, गाणारे, ढोलकीवाले, हलगीवाले, पेटीवाले, सोंगाडे, शिवाय तंबू ठोकणारे, वीज पाहणारे, वाहने हाकणारे आणि भटारखान्यातले आचारी. मध्यरात्री खेळ संपला की फळ्या उकलावयाच्या, तंबू गुंडाळावयाचा, सर्व मालमोटारींत भरावयाचे आणि तिथेच डुलक्या घेत पुढचे गाव गाठावयाचे. दुपारपर्यंत नव्या मैदानात पुन्हा तेच नगर उभे! जीपगाडी कर्णा लावून आसपासच्या खेड्यांत दवंडी देते आणि रात्री पुन्हा गण सुरू होतो. आजारपण, सुतक, बाळंतपण यांना या पंचांगात तिथी नाही. विठाबाई नारायणगावकरांचा प्रसंग महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. खेळ चालू असता त्या मागे जाऊन प्रसूत झाल्या आणि नाळ त्यांनी दगडाने ठेचून तोडली. 2002 मध्ये त्या निवर्तल्या. आज त्यांच्या नावाने शासन जीवनगौरव पुरस्कार देते.

चैत्र लागला की फडाचा व्यवहार पालटतो. तोवर तिकिटांवर खेळ. आता गावोगावच्या जत्रा. गाव वर्गणी काढून फडास ठरीव रक्कम देते, तिला सुपारी म्हणतात, आणि खेळ सर्वांस फुकट असतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावी या दिवसांत फडांच्या राहुट्या ओळीने लागतात व गावोगावचे पंच तेथे येऊन सुपाऱ्या ठरवितात. वर्षाचे कर्ज फिटावयाचे ते या सुपाऱ्यांवरच. म्हणून 2020 चे वर्ष या लोकांस विसरता येत नाही. त्या वर्षी गुढीपाडवा 25 मार्चला आला, आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागू झाली. ज्या दिवशी घागर भरावयाची त्याच दिवशी विहिरीस कुलूप! फडमालक मला म्हणाला, “गुरुजी, त्या साली चाळ सुटले ते पायात पुन्हा चढायला दीड वरीस लागलं.”

चैत्रात हा फड आमच्या जिल्ह्यातील एका गावी जत्रेस आला, तेव्हा मी मुद्दाम गेलो. मुलगा आता गवळणीत पेंद्याच्या मागे उभा राहून झांज वाजवीत होता, आणि ती झकास वाजवीत होता. मी पाचवीचे पुस्तक मागितले. पाने पहिल्या दहाव्या पृष्ठापुढे उलटलेलीच नव्हती.

अक्षय्यतृतीया झाली, फड फुटला, जो तो आपापल्या गावी गेला. पावसाळ्यात यांची मिळकत शून्य. याच दिवसांत फडमालक येत्या हंगामासाठी माणसे ठरवितो आणि त्यांस आगाऊ रक्कम देतो. तिला उचल म्हणतात. घराचे छप्पर, मुलीचे लग्न, दुखणे-बाणे या उचलीतूनच भागते, आणि पुढले सात महिने तीच फेडावयाची. म्हणजे दसऱ्यास पाऊल उचलण्यापूर्वीच ते विकलेले असते.

श्रावणात मी बाईंच्या घरी गेलो. तेथे एक शाळाच भरली होती. अंगणात बाई पाटावर हाताने ताल धरून भाचीस पावले शिकवीत होत्या. आधी चाळाशिवाय, नुसती टाच आणि चवडा. ते चोख उतरले म्हणजे मग चाळ. चूक झाली की शब्द नाही, फक्त पाटावरचा हात थांबे आणि मुलगी आपोआप पहिल्यापासून आरंभ करी. कालिदासाने म्हटल्याप्रमाणे काहींच्या अंगी विद्या असते, काहींस ती दुसऱ्यास देण्याची हातोटी असते. दोन्ही जवळ असणारा विरळा. तशी विरळा आचार्या मी त्या शेणाने सारवलेल्या अंगणात पाहिली. आमच्या पाठशाळेत छडी होती. तेथे ती नव्हती.

सायंकाळी नव्या वगाची तालीम झाली. चार-पाच वडीलधारी माणसे घोंगडीवर बसली होती. त्यांतील तिघांस अक्षरओळख नव्हती. म्हणून वगाची वही त्या मुलाच्या हाती! तो एकेक वाक्य वाची, मंडळी ते म्हणून पाठ करीत. जोडाक्षर आले की तो अडे, आणि तो अडला की सबंध फड अडे. “सिंहासनस्थ” या शब्दापाशी तो असा खिळला की मोठी माणसे केविलवाणी होऊन त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. मी शब्द सांगितला. मुलाने माझ्याकडे पाहिले आणि तो पुढे वाचू लागला. त्या क्षणी तीस वर्षांपूर्वीचा तो व्हरांडा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

युरोपात नृत्यकलेस राजाश्रय मिळाला. पॅरिसच्या ऑपेरास जोडलेली नृत्यशाळा 1713 पासून चालत आली आहे. तेथील मुले सकाळी इतरांप्रमाणे भाषा-गणित शिकतात आणि दुपारी नृत्य. पाटी की पैंजण, असा प्रश्न तेथे मुलापुढे टाकीत नाहीत. आपल्याकडे 2010 पासून शिक्षण हक्काचा कायदा अमलात आहे. आता कोणा मास्तरास नाव कमी करता येत नाही, ही मोठी गोष्ट झाली. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहेही निघाली. ऊसतोड्या निदान एका कारखान्याच्या परिसरात हंगाम काढतो. फडास मात्र रोज नवे गाव, मग मुलाने कोणत्या शाळेत बसावे? त्यातूनही निर्धाराने शिकलेली माणसे आहेत. ‘कोल्हाट्याचं पोर’ हे 1994 मधले आत्मचरित्र लिहिणारे किशोर शांताबाई काळे नर्तकीचे पुत्र असून डॉक्टर झाले. पण प्रत्येक मुलाच्या ठायी तेवढे बळ असावे अशी अपेक्षा करण्याचा आपणांस काय अधिकार?

घरी येऊन मी विषय काढला, की दसऱ्यापासून हा मुलगा आपल्या वाड्यात ठेवावा. आमचे कुटुंब सतरा माणसांचे. कोणी जेवणाच्या पंक्तीचे, कोणी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे म्हणू लागले. वडील बंधू म्हणाले, “दया करावी, पण बेताने. उद्या नातवंडे हलगी वाजवतील.” मी रामजोशी आणि पठ्ठे बापूराव यांची नावे घेतली. दोघे ब्राह्मण, दोघेही लावणीकार. पण वादाने वाद वाढला. अखेर मातोश्री, ज्या आजवर माळ ओढीत गप्प बसल्या होत्या, म्हणाल्या, “आपल्या गावची जनी एवढीशी असताना पंढरपुरी परक्याच्या घरी गेली. दामाशेटींनी तिला उंबऱ्यावरूनच परत लावली असती, तर आज कोणाचे अभंग म्हटले असते तुम्ही?” पुढे कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सुनेने माडीवरच्या खोलीत एक अंथरूण वाढविले.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी बाई मुलास घेऊन आल्या. सोने वाटण्यास बंधू देवघरातून बाहेर आले. त्यांनी आपट्याची पाने प्रथम मातोश्रींस, मग त्या मुलाच्या हाती दिली. मुलाने त्यांतली अर्धी आईस दिली. बाईंनी ती डोक्यास लावून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, “गुरुजी, हात उगारावा लागला तर उगारा. पण ताल धरला तर मारू नका.” मी तसे वचन दिले. गावाबाहेर मालमोटारी उभ्या होत्या. त्यांचे सीमोल्लंघन झाले.

आता सायंकाळी परवचा चालतो तेव्हा हा मुलगा पावकी-निमकी म्हणताना पितळी तांब्यावर बोटे वाजवितो, आणि इतर मुलांस ती कधी नव्हे इतकी लवकर पाठ होऊ लागली आहे. बंधू ऐकून न ऐकलेसे करतात. जोडाक्षरे अजून चुकतात. अक्षय्यतृतीयेस त्याची आई परत येईल. तोवर वार्षिक परीक्षाही आटोपलेली असेल.