खांब पाहण्याचा कार्यक्रम

आम्ही साताऱ्याचे. आमच्याकडे पाया खणायला घेतला की दोन-चार फुटांवर मुरूम लागतो, त्याखाली काळा पाषाण. कुदळीतून ठिणगी उडाली की गवंडी म्हणतो, "झालं, घ्या बांधायला." सांगलीचं तसं नाही. तिथं कृष्णामाईनं युगानुयुगं गाळ आणून टाकलाय. हरिपूरचे लोक त्या मातीत खोल पेवं खणून वर्षानुवर्षं हळद ठेवीत. (२००५ च्या महापुरात पाणी शिरून पुष्कळ पेवं गेली.) अशा मातीत जड इमारत उभी करायची, म्हणून काँक्रीटचे तयार खांब घणानं खाली ठोकायचे ठरले. जाणकार त्यांना पाईल म्हणतात.

ट्रेलरवरून आलेले हे पाईल 'पाहून घ्यायला' नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझी रवानगी झाली. वस्तू ठोकून पारखण्याचा माझा अनुभव कलिंगडापुरता. तरी हातोडी वाजवली, टेप लावली, ओळंब्याची दोरी ताणली, ओतल्याच्या तारखेपासून २८ दिवस बोटांवर मोजले आणि ऐटीत चलनावर सही केली.

कोपऱ्यात बिडी ओढत बसलेला म्हातारा मुकादम म्हणाला, "सायेब, पानी मारलं न्हाई?"

"२८ दिवस झाल्यावर आता पाणी कशाला?"

उत्तर न देता त्यानं एका पाईलवर बादली ओतली. सांगलीचं ऊन ते! पाच मिनिटांत पाईल वाळून पांढराफेक झाला. फक्त मधोमध एक काळी ओली रेघ आडवी राहिली, दोन्ही कडांवरून खाली उतरलेली.

"मदी साखळी घालून उचललाय," मुकादम म्हणाला.

पाईल उचलायचा तो दोन ठिकाणी धरून, दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर. मधोमध धरला तर स्वतःच्याच वजनानं त्याची पाठ मोडते. हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं, मार्कही मिळवले होते.

"अहो, केसाएवढी तर चीर!" कंत्राटदार म्हणाले. "जमिनीत गेल्यावर बघायला कोण येतंय?"

कोणीच नाही, हे खरं. फक्त घणाचे घाव, आणि मग त्या चिरेतून लोखंडापर्यंत जाणारं पाणी. मी पेन काढून सही खोडली.

"आधी का नाही सांगितलंत?" मी मुकादमाला हळूच विचारलं.

"तुमी इचारलंच न्हाई."

तेवढ्यात चहा आला. सगळ्यांना मिळाला, मला सोडून. मुकादमानं आपल्यातला अर्धा बशीत ओतून माझ्यापुढं सरकवला.