दारामागचा नंबर

त्या साली काढणीला आलेलं सोयाबीन पावसात कुजलं. धाकटा भाऊ बोलायचाच बंद झाला. जेवण नाही, झोप नाही. एका रात्री जाग आली तर गडी विहिरीच्या काठावर बसलेला. हाताला धरून घरी आणला, पण पुढं काय करावं सुचेना. १०८ला फोन केला की गाडी येते, हे ठाऊक होतं; पण मनाच्या दुखण्याला कुणाला बोलवायचं?

आशाताईंनी दारामागं खडूनं १४४१६ लिहून ठेवला होता. टेलिमानसचा. फुकट, रात्रंदिवस. लावला. पलीकडून बाई मराठीत बोलल्या, "दादा, त्यांना एकटं सोडू नका. फवारणीची औषधं कुलपात ठेवा. जीव द्यावासा वाटतो का, सरळ विचारा." मला वाटायचं, असं विचारलं तर नसतं मनात भरेल. त्या म्हणाल्या, विचारल्यानं ओझं हलकं होतं.

विचारलं. तो लहान पोरासारखा रडला. मग फोन त्याच्याच कानाला दिला. सकाळी दोघं जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो, औषध सुरू झालं.

कर्ज अजून आहे. भाऊही आहे. दारामागचा खडू पुसट झाला, तेव्हा त्यानंच तो नंबर रंगानं लिहून काढला.