भिंगातली बुरशी

मामांनी दिलेल्या जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशीचे तंतू दिसले. बारामतीचा कारागीर म्हणाला, "दमटपणाने होतं. काच खाल्ली असेल, तर साफ करूनही डाग राहील." मजुरी माझ्या परीक्षा-फीएवढी! आणि घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला.

पण आजीला फोटो हवा होता. तिचे इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव उजनीच्या पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की देऊळ उघडे पडते. ऊन पाठीशी घेऊन मी तसाच फोटो काढला. किंचित धुरकट आला. आजी म्हणाली, "कळस वळखू येतोय, बास!"

मी फी भरली. कॅमेरा आता कोरड्या डब्यात ठेवतो. बुरशी वाढू न देणे एवढे तरी माझ्या हाती आहे.