मोहन नगरच्या गच्चीवरून

भिलाई-दुर्ग या जुळ्या शहरांतील मोहन नगर ही साधी नागरी वस्ती आहे. जवळच भिलाईचा पोलाद कारखाना असून ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. लोखंड सुमारे पाचशे अंशांपुढे तापले म्हणजे लालसर दिसू लागते. त्याहून कमी उष्णता डोळ्यांना दिसत नाही. ती दाखविणारी उष्णतादर्शक दुर्बीण, म्हणजेच थर्मल स्कोप, आता थोड्याफार स्वस्तात मिळू लागली आहे. ती कितपत उपयोगी पडते, हे अशा वस्तीतील गच्चीवर उत्तम समजते.

ही दुर्बीण उजेड पाहत नाही, उष्णतेतील फरक पाहते. मे महिन्यात येथील पारा चव्वेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि सूर्य मावळल्यावरही सिमेंटच्या भिंती तापलेल्याच राहतात. भिंतीचे व मनुष्याच्या त्वचेचे तापमान सारखे झाले, की मनुष्य भिंतीत मिसळून जातो. जानेवारीच्या पहाटे तोच मनुष्य दिव्यासारखा उठून दिसतो. बंद खिडकीआडून मात्र काहीच दिसत नाही, कारण साधी काच हे किरण अडविते. म्हणूनच या दुर्बिणीचे भिंग बहुधा जर्मेनियमचे असते.

दुसरी मर्यादा अंतराची. स्वस्त दुर्बिणीत बहुधा २५६ × १९२ बिंदूंचा संवेदक असतो. बिंदू १२ मायक्रॉनचा आणि भिंग १० मिलिमीटर नाभीय अंतराचे धरल्यास, ३०० मीटरवर एक बिंदू सुमारे ३६ सेंटिमीटर जागा व्यापतो. तेथे उभा मनुष्य जेमतेम पाच बिंदू उंच दिसतो. बसलेला मनुष्य आणि रानडुक्कर यांतील भेद तर उरतच नाही.

शेताची राखण करणाऱ्यास हा भेद मोलाचा आहे. २०२१ साली छत्तीसगडातून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत आला. हत्तीसारखे प्रचंड जनावर या दुर्बिणीतून दुरूनही कळेल. परंतु लहानशा ठिपक्यावर दगड भिरकावण्यापूर्वी हाक द्यावी. तो ठिपका शेजारचा शेतकरीही असू शकेल.

म्हणून खरेदी करताना 'किती अंतरावर दिसते?' एवढेच विचारू नये; 'किती अंतरावर ओळखू येते?' हे विचारावे आणि शक्य तर उन्हाळ्यातील संध्याकाळी स्वतः पाहून घ्यावे.