अकरा महिने

आमच्या वरच्या मजल्याच्या भाडेकरारात खिळ्यांचं एक कलम असतं. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत. ठोकले तर डिपॉझिटमधून कापून घेणार. मी ते घातलेलं नाही, करार करून देणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये ते आधीपासूनच होतं. त्यामुळे वर राहणाऱ्या, कमिन्स कॉलेजात शिकणाऱ्या मुली फोटो लावतात ते चिकटपट्टीने, आरसा टेकवून ठेवतात खिडकीच्या कट्ट्यावर. जातात तेव्हा भिंतीवर रंगाचे टवके तेवढे उडालेले असतात. पुण्यात कर्वेनगरात हे घरोघरी चालतं. ॲडमिशनच्या दिवसांत विजेच्या खांबांवर ‘मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा’ अशा चिठ्ठ्या लागतात आणि लातूर-जळगावहून आलेले वडील मान वर करून त्या वाचत उभे असतात.

माहेरी, सदाशिव पेठेतल्या वाड्यात, आमच्या दोन खोल्यांना मात्र खिळेच खिळे होते. कॅलेंडरचा, छत्रीचा, आजोबांच्या टोपीचा, शिवाय ज्यावर कधीच काही टांगलं नाही असे चार-दोन. मालकांना कुणी विचारलं नव्हतं. मुंबई सरकारचा १९४७चा भाडे नियंत्रण कायदा आमच्या पाठीशी होता. टंचाईच्या काळात घरमालकांनी लोकांना नाडू नये म्हणून आणलेला, म्हटलं तर तात्पुरता. मुदतवाढ घेत घेत तो पन्नास वर्षं जगला आणि भाडं गोठलं ते गोठलंच. आजोबा एक तारखेला भाडं देऊन पावती आणत आणि पत्र्याच्या डब्यात ठेवत. घरात सोनं फारसं नव्हतं. तो डबाच काय तो ऐवज.

मालक वाईट नव्हते. मागच्या चौकात त्यांचंही बिऱ्हाड होतं. पण सगळ्या बिऱ्हाडांचं भाडं गोळा करूनही कौलं चाळायचा खर्च निघत नसे. पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात पातेली मांडावी लागत. आई म्हणायची, मालक लक्ष देत नाहीत. मालक म्हणायचे, एवढ्याशा भाड्यात काय काय करू? दोघांचंही खरं होतं आणि वाडा दोघांच्या मध्ये खचत होता. अजूनही पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि माणसं भिंतीला टेकू लावून आतच राहतात. बाहेर पडलो की हक्क गेला, ही धास्ती छत कोसळण्याच्या भीतीपेक्षा मोठी.

घरमालकांनी या कायद्यावर तोड काढली होती. भाडेकरू ठेवायचाच नाही, लिव्ह अँड लायसन्सवर जागा द्यायची. सरकारने तीही वाट बुजवली. १ फेब्रुवारी १९७३ला जो लायसन्सवर राहत होता, तो कायद्याने भाडेकरू ठरला. त्या एका तारखेने किती घरांना कुलपं लावली असतील! माझ्या सासऱ्यांनी कर्वेनगरात बंगला बांधला आणि वरचा मजला वर्षानुवर्षं रिकामा ठेवला. सासूबाई तिथे पापड वाळवत. भाडेकरू म्हणजे डोक्यावर बसणारी जमात, असं सासरे जेवताना सांगायचे, आणि मी, वाड्यातल्या भाडेकरूची नात, त्यांना आमटी वाढायची.

मग १९९७च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानेच म्हटलं की गोठवलेली भाडी आता न्याय्य राहिलेली नाहीत. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला. जुन्या भाड्यांना वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. लायसन्सवाल्याला मात्र मुदत संपली की निघावं लागतं. नाही निघाला तर दुप्पट भरपाई. आमच्या वरच्या मजल्याचं कुलूप निघालं ते यानंतर.

करार अकरा महिन्यांचाच करायची खोड तेवढी राहिली. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नसे, म्हणून पूर्वी अकरा लिहीत. नव्या कायद्याच्या कलम ५५नुसार करार कितीही छोटा असो, नोंदवायलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. म्हणजे अकराला काही अर्थ उरलेला नाही. साठ महिन्यांपर्यंतही लायसन्स देता येतं. पण कुणी मागत नाही, कुणी देत नाही.

यंदा वर मुली नाहीत, एक कुटुंब आलंय. नवरा वारज्यात नोकरीला, मुलगी तिसरीत. चार वर्षांत तीन घरं बदलली, तिन्ही कर्वेनगरातच. दर वेळी शाळेची रिक्षा नव्याने ठरवायची. बंगला सासूबाईंच्या नावावर आहे, म्हणून करार नोंदवताना अंगठाही त्यांचाच. घासून घासून गुळगुळीत झालेला तो अंगठा मशीन काही घेईना. “आजी, पुसून परत ठेवा,” असं चाललं असताना मी म्हटलं, मुदत छत्तीस महिने लिही, दरवर्षी पाच टक्के वाढ आत्ताच घाल.

“काकू, कशाला? अकराच ठेवा, सेफ असतं,” करार करून देणारा मुलगा म्हणाला.

“सेफ कुणाला?” सासूबाईंनी विचारलं. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. त्याला सांगता येईना. त्याने छत्तीस टाईप केलं, आणि स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्यावर पाव टक्का, म्हणजे थोडी जास्त पडेल, एवढं बजावलं. ती निम्मी निम्मी भरायची ठरली.