जट कापल्यानंतरचं वर्ष

प्रिय चिऊ,

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या अखिल भारतीय समन्वयाच्या कामात तुला घेतलं हे वाचून फार आनंद झाला. बंगळूरला नोकरी सांभाळून तू हे अंगावर घेतेयस, याचं मला कौतुक आहे. तू विचारतेस, आधी काय हाती घ्यायचं: देशभरासाठी एका जादूटोणाविरोधी कायद्याचा मसुदा, की माणसं जोडणं? तुमच्या बैठकीत यावरून दोन तट पडलेत म्हणे. मला ही दोन कामं कधी वेगळी वाटलीच नाहीत. का ते जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडच्या एका वस्तीवरची मुलगी, नववीत शिकणारी. डोक्यात जट. केस नीट विंचरले, धुतले गेले नाहीत की गुंता होतो, त्यात धूळ आणि तेल बसतं. पण एकदा का कुणी म्हटलं की ही देवीची खूण आहे, की मग त्याच्यावर हळदकुंकू वाहतात, वरून आणखी तेल घालतात आणि कुणी फणी लावायची हिंमत करत नाही. या पोरीची जट पाठीवर लोंबत होती. मान वळवायला त्रास होई, झोपताना एकाच कुशीवर झोपावं लागे. वर्गात शेजारी कुणी बसत नसे, कारण वास येई. शाळेतल्या आमच्या चमत्कारांच्या प्रयोगानंतर तिची आई मागे थांबली. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन ओतून, म्हणजे ‘मंत्राने’, होम पेटवताना मुलं टाळ्या वाजवत होती. ही बाई मात्र टाळ्या थांबल्यावर हळूच म्हणाली, “बाई, हिचं काय करता येईल का?”

जट कापायला कात्री सहज चालत नाही. टाळूपाशी एकेक बट सोडवत जावं लागतं, खाली कातडी सोललेली असते, कधी उवा, कधी जखमा. आई पदराचं टोक दातात धरून बसली होती. आजी दाराबाहेर. सुरुवात करण्याआधी आमच्यातल्या एकीने सगळ्यांसमोर सांगितलं, कोप व्हायचा तो माझ्यावर होऊ दे. काम झाल्यावर पोरीने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि हसली.

इथवरची गोष्ट सगळेच सांगतात. मला तुला पुढची सांगायची आहे. पंधरवड्यात त्यांची म्हैस दूध देईना. वस्तीवर कुजबुज सुरू झाली: कापलीत ना जट, आता भोगा. रात्री आईचा फोन आला, रडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची एक कार्यकर्ती गुरांच्या डॉक्टरला घेऊन गेली. म्हशीला दगडी झाली होती, सड सुजले होते. इंजेक्शनं दिली, चार दिवसांत उतार पडला. मग आजीला ताप. मग थोरल्याची सोयरीक मोडली. प्रत्येक वेळी फोन, प्रत्येक वेळी कुणीतरी जाऊन ओसरीवर बसायचं, चहा घ्यायचा, आजीचं ऐकून घ्यायचं. वाद घालायला नाही गं, फक्त त्या घराला आपण एकटे पडलो असं वाटू नये म्हणून. असं सुमारे वर्ष गेलं. पोरगी दहावीत गेली, आणि पुढच्या गावात एका बाईची जट कापायची होती तेव्हा ही आई आपणहून आमच्याबरोबर आली. तिचं बोलणं त्या बाईने जितकं मनावर घेतलं तितकं आमचं कधी घेतलं नसतं. त्या वस्तीवर आमची शाखा उभी राहिली ती अशी.

मी चळवळ म्हणते ती या वर्षाला. तर्क दहा मिनिटांत पटतो. तो पटल्यावर माणूस जातीत, भावकीत, आळीत एकटा पडतो आणि तिथे त्याला धरून ठेवणारं कुणी नसेल तर तो परत फिरतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

हे समजून घ्यायला तुला रॉयवाद्यांचा इतिहास नीट वाचायला हवा. मानवेंद्रनाथ रॉय यांनी 1946 मध्ये बावीस सूत्रं मांडली, 1948 च्या डिसेंबरात आपला रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष कलकत्त्याला विसर्जित केला आणि सत्तेच्या राजकारणाऐवजी विचारांची चळवळ करायचं ठरवलं. 1952 मध्ये ॲमस्टरडॅमला जगभरच्या मानवतावाद्यांची संघटना स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत भारतातली ही चळवळ होती. रॉय उपाध्यक्ष निवडले गेले, पण मसुरीला झालेल्या अपघातामुळे त्यांना जाता आलं नाही, आणि दीड वर्षात ते गेले. आपल्याकडे वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, सासवडचे वि. म. तारकुंडे ही त्याच परंपरेतली माणसं. एवढ्या उंचीची माणसं फार थोड्या चळवळींना मिळाली. तरीही ही चळवळ पसरली नाही. माझं मत विचारशील तर, अभ्यासवर्गाला येणाऱ्या माणसाच्या घरी जन्म, लग्न, मृत्यू होतो तेव्हा काय करायचं, याचं उत्तर त्या चळवळीने पुरेसं दिलं नाही.

पण त्या मूठभर माणसांनी वेळेला काय केलं तेही बघ. आणीबाणीत, 1976 मध्ये, 42 व्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्यं घटनेत आली. त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन आणि मानवतावाद हे शब्द आहेत. त्याच वर्षी, नागरिकांचे हक्क गोठवलेले असताना, जयप्रकाश नारायणांबरोबर तारकुंडे नागरी स्वातंत्र्यासाठी संघटना उभारत होते. आज आपण तिला पीयूसीएल म्हणतो. उच्च न्यायालयाचं न्यायाधीशपद त्यांनी 1969 मध्येच सोडलं होतं. मानवतावाद घटनेच्या पानावर कुणी लिहिला याहून तो तुरुंगाच्या दारात कुणी उभा केला, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

घरातल्या प्रसंगांचं म्हणशील तर जोतीराव फुल्यांना ते कधीच कळलं होतं. सत्यशोधक समाज 24 सप्टेंबर 1873 ला स्थापन झाला आणि ते वर्ष संपायच्या आत पुरोहिताशिवाय लग्न लागलं. नॉर्वेतही असंच झालं. तिथली मानवतावादी संघटना 1956 ची, पण मुलांच्या वयात येण्याचा धर्मनिरपेक्ष सोहळा 1951 मध्ये सुरू झाला होता. आधी कुटुंबं जमली, मग संघटना. आज छोट्याशा देशात तिचे सभासद लाखाच्या वर आहेत.

म्हणून तुझ्या समितीला विचार: तुमच्यातल्या एखाद्याच्या घरी मृत्यू झाला तर त्या संध्याकाळी कोण जाणार? देहदानाचा फॉर्म भरलेला असतो, पण जवळचा नातेवाईक नको म्हणाला की तो कागद कपाटातच राहतो. काही तासांत डॉक्टरचा दाखला, वैद्यकीय महाविद्यालयाला फोन, गाडी, आणि मुख्य म्हणजे रडणाऱ्या काकांशी शांतपणे बोलणारं माणूस लागतं. तेराव्याऐवजी शोकसभा घ्यायची तर भावकी जेवायला कुठे येणार हेही ठरवावं लागतं. हे सगळं माहीत असलेली चार माणसं प्रत्येक गावात तयार करणं हे राष्ट्रीय पातळीवरचंच काम आहे, ते खालचं समजू नकोस.

आता कायदा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अठरा वर्षं झगडले. मसुदा किती वेळा बदलला, किती कलमं गळाली! कायदा देवाधर्माच्या विरोधात आहे असा प्रचार गावोगाव झाला, वारकऱ्यांपर्यंत पोचवला गेला. त्याला उत्तर मुंबईतून देता येत नव्हतं. तालुक्याच्या गावात कीर्तनकाराच्या घरी जाऊन मसुद्यातलं एकेक कलम वाचून दाखवणारा कार्यकर्ता लागत होता, आणि तो गणपतीत निर्माल्य गोळा करणारा, होळीला ‘होळी करा लहान, पोळी करा दान’ म्हणत दारोदार फिरणारा, लोकांच्या ओळखीचा असल्यामुळे दार उघडलं जाई. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉक्टरांचा खून झाला. काही दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. लोक म्हणतात, खुनामुळे कायदा आला. मला हे मान्य नाही. ती अठरा वर्षं नसती तर त्या आठवड्यात सरकारच्या टेबलावर तयार मसुदा नसता, आणि रस्त्यावर इतकी माणसंही नसती. पुढे दर महिन्याच्या 20 तारखेला कार्यकर्ते त्या पुलावर जमत राहिले. मे 2024 मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे निर्दोष सुटले. कटामागच्या हातांचा प्रश्न अजून तसाच आहे, आणि तो विचारत राहायला हवा.

जातपंचायतींचंही तसंच. वाळीत टाकलेल्या घराला दुकानदार मीठ देत नाही, मयताला खांदा द्यायला कुणी येत नाही. असा माणूस तक्रार कधी करेल? त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात बसणारं कुणी असेल तेव्हा. 2013 पासून नाशिक, लातूर असं करत जातपंचायतींविरुद्ध परिषदा झाल्या, लोक उभे राहून बोलले, काही पंचायती तर संवादातून स्वतःहून बरखास्त झाल्या. त्या साक्षींच्या जोरावर 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळाने केला आणि जुलै 2017 पासून तो लागू झाला. आमदारांना आकडे दाखवून जे होत नाही ते समोर बसलेल्या वाळीत पडलेल्या आजोबांमुळे होतं.

देशभरासाठी एकच मसुदा हवा असा आग्रह तुमच्यातले काही धरतायत. मी सावकाश जाईन. कर्नाटकाने 2017 मध्ये आपल्यासारखा कायदा केला, गुजरातने 2024 मध्ये. बिहार, झारखंड, आसाममध्ये प्रश्नाचं रूपच वेगळं, तिथे बाईला डायन ठरवून मारतात, आणि त्यांचे कायदे त्यासाठीच झाले. तिथल्या कार्यकर्त्यांना आपला भोंदूबाबा आधी समजावून सांगू नका, त्यांच्याकडून ऐका. शिवाय तुमच्यात विजयवाड्याच्या गोरांच्या परंपरेतले, उघडपणे नास्तिक म्हणवणारे लोक असतील आणि आमच्यासारखे, देव मानणाऱ्यालाही सोबत घेऊन शोषणाविरुद्ध लढणारेही असतील. कोण अधिक खरा मानवतावादी याच्या परीक्षा घेऊ लागलात तर तिसऱ्या बैठकीला खुर्च्या रिकाम्या दिसतील. आणि हिशेब चोख ठेव. वर्गणीची पावती, खर्चाचं व्हाउचर, सगळं वेळच्या वेळी. विचारांवरून फुटलेल्या संघटना मी कमी पाहिल्यात, हिशेबावरून आणि मानापानावरून फुटलेल्या जास्त.

तू पत्राच्या शेवटी सहज लिहिलंयस की झारखंडच्या एका कार्यकर्तीने गावाबाहेर काढलेल्या बाईच्या राहण्याची सोय विचारली होती आणि वेळेअभावी तो विषय पुढच्या बैठकीवर गेला. ती बाई आत्ता कुठे आहे? आजच फोन करून विचार. पुढच्या बैठकीत तोच विषय पहिला घे: तिला कुठे ठेवायचं, वकील कोण, आणि गावी परत जायची वेळ येईल तेव्हा तिच्याबरोबर कोण जाणार. पैसे कमी पडत असतील तर मला कळव, इथे आम्ही जमवतो. मसुद्याचं वाचन दुपारी ठेवलंत तरी चालेल.

तुझी,
मावशी