निरोगी असतानाचा थेंब

कापसाच्या पट्ट्यात कीटकनाशकाला कुणी विष म्हणत नाही. सारे म्हणतात ‘औषध’. औषध आणायचे, औषध मारायचे. पाठीवर पंप बांधून दिवसभर औषध मारणारा माणूस संध्याकाळी घरी येतो आणि भिंतीला टेकून बसतो. जेवणावर वासना नसते, डोके दुखते, मळमळते, नजरेपुढे धूसर दिसते. बायको कांदा फोडून हुंगायला देते. ‘‘ऊन लागलं असन,’’ असे दोघांचेही मत पडते. सकाळी पंप पुन्हा पाठीवर, कारण मजुरी बुडवून घर चालत नाही.

ऊन की औषध, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण. रक्त मात्र याची साक्ष देऊ शकते.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशके किडीच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात, आणि माणसाची मज्जासंस्थाही काही वेगळ्या मातीची नाही. मज्जातंतूने स्नायूला निरोप धाडला की तो पोचल्यावर पुसून टाकायचे काम कोलिनेस्टरेज नावाचे एन्झाइम करते. कीटकनाशक श्वासातून किंवा कातडीतून अंगात गेले की हे एन्झाइम निकामी होऊ लागते. निरोप पुसले जात नाहीत, साचत राहतात. मग घाम, लाळ, उलट्या, स्नायूंची फडफड आणि शेवटी श्वासाला अडथळा.

हेच एन्झाइम तांबड्या रक्तपेशींवरही असते. ते मोजण्याची सोपी रीत जॉर्ज एलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केली. रक्त ठरावीक रसायनात मिसळले की पिवळा रंग चढतो. तो जितका झपाट्याने चढेल, तितके एन्झाइम कामाचे. याच तत्त्वावरची बॅटरीवर चालणारी लहान यंत्रे आता शेताच्या बांधावर नेता येतात. बोटाच्या टोकाचा एक थेंब घेतला की काही मिनिटांत आकडा समोर. असे यंत्र हिमोग्लोबिनही मोजते, त्यामुळे अंगात रक्त कमी असलेल्या मजूर स्त्रीचाही हिशेब चुकत नाही. पथ्य एवढेच, की आधी बोट साबणाने स्वच्छ धुवायला हवे. नाहीतर कातडीवरचे कीटकनाशक थेंबात उतरून आकडा बिघडवते.

पण खरी मेख पुढेच आहे. प्रत्येकाच्या रक्तातले या एन्झाइमचे मूळ प्रमाण वेगळे. एकाला जो आकडा नेहमीचा, तोच दुसऱ्याच्या बाबतीत मोठी घसरण असू शकतो. म्हणून आजारी पडल्यावर घेतलेला एकटा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, माणूस ठणठणीत असताना घेतलेला थेंब हाताशी हवा. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात अशी मूळ नोंद ठेवतात. तांबड्या पेशींतले एन्झाइम मूळ नोंदीपेक्षा ३० टक्क्यांनी उतरले, तर कामगाराला या कामावरून दूर करतात आणि ते ८० टक्क्यांवर परतल्यावरच पुन्हा कामाला लावतात. घसरण हळूहळू झाली, तर बराच काळ लक्षणे दिसत नाहीत. म्हणूनच आकड्याचे ऐकायचे.

आपल्याकडेही १९७१ च्या कीटकनाशक नियमांत नोकरीवर फवारणी करणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे आणि अशा कीटकनाशकांसाठी कोलिनेस्टरेज दरमहा मोजण्यासही सांगितले आहे. पण आज या शेतात तर उद्या त्या शेतात जाणाऱ्या रोजंदारी मजुराची नोंद ठेवायची कुणी? आणि स्वतःच्याच रानात औषध मारणाऱ्या शेतकऱ्याला तर मालकच नसतो! २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली. कापूस डोक्याएवढा वाढला होता. फवारा अंगावरच येत होता.

ही तपासणी म्हणजे रामबाण उपाय नव्हे. ती फक्त ऑर्गॅनोफॉस्फरस आणि कार्बामेट गटांचा परिणाम दाखवते. इतर विषांपुढे ती मुकी आहे. आकडा ठीक आला म्हणून तोंडाने नोझल फुंकायला मोकळीक मिळत नाही. हातमोजे, पूर्ण कपडे, वाऱ्याची दिशा, कामानंतर अंघोळ, यांची जागा कुठलेही यंत्र घेत नाही. आणि धाप लागली, बाहुल्या बारीक झाल्या, तोंडाला लाळ सुटली, तर कशाचीच वाट न पाहता औषधाच्या डब्यासह रुग्णालय गाठायचे.

तरीही आरोग्य केंद्रातून असे एक यंत्र पेरणीच्या सुमारास गावात आले, तर पुष्कळ काही बदलेल. ‘ऊन लागलं असन’ या अंदाजाच्या जागी एक आकडा येईल, आणि चार दिवस पंप खाली ठेवायला सांगणाऱ्या बायकोच्या शब्दाला वजन येईल. बियाण्याची पिशवी आणताना घरातल्या माणसाची ही नोंदही करून ठेवायला हवी. पीक हातचे गेले तर पुढल्या वर्षी पुन्हा पेरता येते.